शेडमधलं कोल्हं

शर्वाणी : आई, ती काठी ठेवा आधी. आणि शेडच्या दारातून बाजूला व्हा, प्लीज!

नंदा : न्हाई व्हनार.

शर्वाणी : अहो, फाटकापाशी बघा तरी! शिकारीला आलेली घोड्यांवरची एवढी माणसं, कुत्र्यांचा हा कालवा. कोल्हा आत शिरलाय आणि तुम्ही कडी घालून बसलात!

नंदा : माझ्या डोळ्यांदेखत शिरलं. जीभ हातभर भाईर, मागचा पाय वढत. म्या दार लावलं. चुकलं काय?

शर्वाणी : परवा यानंच तुमची तांबडी कोंबडी नेली ना? तेव्हा शिव्यांची लाखोली कोणी वाहिली होती?

नंदा : म्याच. अजून वाहीन. त्याचं-माझं भांडन हाय. ह्या टोपीवाल्याचं त्यात काय काम?

शर्वाणी : टोपीवाला नाही, डोनल आहे तो! आपला घरमालक. पुढच्या महिन्यात लीज संपतंय, आई. या परक्या मुलखात, अख्ख्या स्लायगो गावात दुसरं घर मिळत नाहीये. तुमचा लेक संग्राम ड्युटीवर आणि इथे तुमचं हे!

नंदा : त्येला म्हनावं, शिकार रानात कर.

शर्वाणी : नुसतं दार उघडा म्हणतोय. छोटा टेरियर कुत्रा आत सोडणार, तो हुसकून बाहेर काढेल.

नंदा : आनि भाईर ही सगळी तोंड वासून हुबी! आगं, माझा बा बी शिकारी हुता. कुत्री सोडून ससं धरायचा. एकदा गावाकडं, मान तालुक्याच्या माळावर लांडग्यानं आमचा मोत्या फाडला. पोरावानी जपल्याला कुत्रा! बा कुऱ्हाड घिऊन मागं लागला. लांडगं पळून पळून एका म्हातारीच्या वैरनीच्या खोपीत घुसलं. म्हातारी दारात आडवी झाली. म्हनली, माझ्या आसऱ्याला आलंय. बा रडत रडत कुत्री घिऊन माघारी आला.

शर्वाणी : तुमच्या वडिलांना कुणी घरातून काढणार नव्हतं.

नंदा : व्हय, त्ये बी खरं. म्हनून तर तुला माझ्यासंगं हुबी ऱ्हा म्हनत न्हाई. त्येला सांग, सासू येडी हाय. सगळा दोस माझ्यावर घाल.

शर्वाणी : अहो, तो घोड्यावरून उतरला. इकडेच येतोय. जस्ट अ मिनिट, डोनल!

नंदा : येऊ दे की.

शर्वाणी : पाय थरथरतायत तुमचे.

नंदा : थरथरू देत. हलत तर न्हाईत!

शर्वाणी : सरका जरा.

नंदा : सरकनार न्हाई म्हनलं ना!

शर्वाणी : तसं नाही हो. मला उभं राहायला जागा द्या. नो, डोनल! आय वोन्ट ओपन इट. टेक द डॉग्ज अवे!

नंदा : काय म्हनला गं?

शर्वाणी : घराचं सोमवारी बोलू म्हणाला.

नंदा : मंग?

शर्वाणी : मंग काय! ये म्हटलं. चहा ठेवते.

(शिंग वाजतं. कुत्र्यांचा गलका टेकडीपलीकडे जातो.)

शर्वाणी : गेले एकदाचे. आई, घर गेलं तर?

नंदा : गेलं तर दुसरं हुडकू. मी बी येते संगं, दारोदार.

शर्वाणी : बरं. सोडूया का याला आता?

नंदा : थांब. आधी माझ्या कोंबड्या आत घे.