वाळंल म्हणे!

...आन् वर बघत मला म्हणतेत कसं, "वल हाय नुसती, सुमनबाई. वाळंल!" वाळंल? आता तुम्हीच सांगा, छताला बुरशी आली, आधी लाडवाएवढी, मग भाकरीएवढी, मग परातीएवढी, आता तर तिला काळीहिरवी लव फुटलीय, उद्या बारशाला बोलवंल मला, आन् हे घरमालक चन्नबसप्पा, किराणा दुकानवाले, आम्ही अप्पा म्हणतो, मान वर करून बघतेत आन् म्हणतेत, वाळंल!

अहो, लातुरात नळ कधी येईल ते नळालाबी ठाऊक न्हाई. सारं गाव कोरडंठाक, आन् वल कुठं? माझ्या डोक्यावर! कारण काय, तर अप्पाच्या स्वतःच्या घरावर पत्रे. स्लॅब एकट्या माझ्या खोलीवर. म्हणून त्या स्लॅबवर ह्या माणसानं पाण्याचं दुकान मांडलंय... ड्रम, घागरी, तेलाचे डबे, मोडक्या कूलरचा टपसुद्धा सोडला न्हाई! रेल्वेनं पाणी आलेलं साल ज्यानं बघितलं, त्याची ही खोड जात न्हाई. माझीबी गेली न्हाई. पण माझ्या बादल्या कुणाच्या डोक्यावर गळत न्हाईत!

मी काय भांडखोर बाई हाय का? हाय थोडी. पण ह्या बारीला माझी लुंबिनी पहिल्या बाळंतपणाला येणार होती, नांदेडहून. पोरीला लहानपणापासून दमा. असल्या वासानं तिची छाती भात्यासारखी होती. वरून तिची सासू फोनवर लाडीगोडीनं, "इहीनबाई, तुमच्याकडं जमत नसंल तर सांगा हं, आम्ही हितंच करतो की..." जमत नसंल? माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण, आन् मला जमत नसंल?

मग काय, घासलं, ब्लिचिंग पावडर लावली, चुना मारला. चुना वाळायच्या आत बुरशी पुन्हा डोकावली! गेले तशीच अप्पाकडं. ते कपाळाला विभूती लावून निवांत बसलेले.

"अप्पा, ड्रम रिकामे करा."

"पाणी सांडू? लातूरचं माणूस होऊन असं बोलता, सुमनबाई? पाप हाय ते!"

"आन् ते माझ्या लेकीच्या छातीत सांडणार, ते काय पुण्य हाय?"

"वल हाय हो नुसती. वाळं—"

पुरतं म्हणूच दिलं न्हाई! पदर खोचला, जिना चढले आन् एकेक ड्रम आडवा केला. पाणी निघालं ना गल्लीतनं, पूर आल्यासारखं! बाया हंडे घेऊन पळायल्या, कुणी परात लावली, कुणी पातेलं, शेजारची नागुबाई तर छातीच बडवून घ्यायली, "अगं, डोकं फिरलं का गं तुझं!" फिरलं तर फिरलं!

पण छत वाळलं, खोटं कशाला बोलू? पुन्हा चुना मारला, पांढरंशुभ्र! लुंबिनी आली. बाळंत झाली. नात झाली मला, नाकीडोळी अप्सरा! इहीनबाईला म्या फोन करून दोनदा सांगितलं, "जमलं हं आमच्याकडं!"

आन् त्याच आठवड्यात पाइपलाइन फुटली.

घरात बाळंतीण. लेकराला न्हाऊ घालायचं, दुपटी धुवायची, ढीग पडलेला... आन् पाणी? गेले नागुबाईकडं घागर घेऊन. ती दारातनंच म्हणती, "का गं? गल्लीला पाजून उरलं न्हाई का?" दार लोटलं तोंडावर! सगळ्या गल्लीत हेच.

मग अप्पाच आले, दोन घागरी घेऊन. वाटलं, आता उट्टं काढतेत. तर हळूच म्हणाले, "टँकर आलाय, सुमनबाई. भरपूर घ्या, लेकराचं घर हाय. पर... ठिवायचं कुठं?"

आता तुम्हीच सांगा, ठिवायचं कुठं? खोलीत बाज, पाळणा, चूल, पाय ठिवायला जागा न्हाई. पत्र्यावर ड्रम चढत न्हाई.

चढवले. म्याच, त्याच स्लॅबवर. ह्या हातांनी आडवे केलेले ड्रम, ह्याच हातांनी उभे केले, काठोकाठ भरले, वरून झाकणं लावली.

परवा लुंबिनी बाजेवर पडल्या पडल्या वर बघत म्हणती, "आई, ते कोपऱ्यात काळं काय दिसायलंय गं?"

म्या बाज दुसऱ्या भिंतीला सरकवली. पाळणा सरकवला. वर काय बघितलं न्हाई.

म्हटलं, "वल हाय गं नुसती. वाळंल."