सीलबंद पाव कॅरेट

...आणि वर मलाच विचारतात, "सरळ दुकानात जाऊन का नाही घेतलास?" बघा म्हणजे! तुम्हाला सांगतो, एक हिरा, एकच, मसुरीच्या दाण्याएवढा, वजन पाव कॅरेट, तो मी ऑनलाइन लिलावातून, सगळे नियम पाळून, विमा उतरवून घरी आणला, तर घरातले माझ्याकडे असे बघतात जणू मी घर विकून घोडा आणलाय! अहो, पाच वर्षं लांब राहून मी शिकलो काय? ग्राहकांचे हक्क! प्रबंध कशावर? ऑनलाइन खरेदीतली ग्राहकाची सुरक्षितता! दोनशे चाळीस पानं! ती बघून आत्या काय म्हणाली? "एवढी पानं लागतात म्हणजे ते सुरक्षित नसणारच रे." आता हिला काय सांगायचं? पण मी चिडलो नाही. मी परत आलो तोच मुळी लोकांना जागं करायला, आणि आत्या म्हणजे लोकच की! शांतपणे सांगितलं, आत्या, सुरक्षित म्हणजे सुरक्षित!

तर सुरुवात घरापासून. आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर पहिला अन्याय मला कुठे दिसला? आईच्या डाव्या कानात! हसताय काय? आईची कानातली म्हणजे एकेका हिऱ्याची साधी जोडी, तिला तिच्या आईने दिलेली. आई नर्स, आता मेट्रन. एकोणीस वर्षांपूर्वी एका पेशंटला स्ट्रेचरवरून उचलताना डाव्या कानातला हिरा निखळला तो गेलाच. पेशंट वाचला, हिरा गेला. आई म्हणाली, "उलटं झालं असतं तर?" झालं, विषय संपला! कोपऱ्यावरचे आमचे सोनारकाका, त्यांनी तिथे तात्पुरती काच बसवून दिली. तात्पुरती! एकोणीस वर्षं! आता ती काच इतकी मंद झालीय की औषधाच्या जुन्या बाटलीचा तुकडा वाटते. आणि तेव्हापासून आई फोटोत समोर बघत नाही. मान डावीकडे, उजवा कान पुढे. माझ्या शाळेतल्या बक्षिसाचा फोटो घ्या, सहलीचा घ्या, अहो, ओळखपत्राचा घ्या! फोटोवाल्याने तीनदा सांगितलं, "बाई, समोर," तीनदा ही "हो हो" म्हणाली, तीनदा डावीकडे! आमचा अल्बम उघडला की मी आईला चिडवतो, तुला डावीकडून कुणीतरी जन्मभर हाका मारतंय.

आणि आता आई निवृत्त होणार होती. चौतीस वर्षं! निरोप समारंभ शुक्रवारी, आणि त्यात मोठा फोटो निघतो तो हॉस्पिटलच्या मुख्य जिन्यात लागतो. कायमचा. आधीच्या सगळ्या मेट्रन तिथे ओळीने लावल्यात, सगळ्या समोर बघतायत, करारी! मी त्या जिन्यात उभा राहून ठरवलं. या भिंतीवर माझी आई समोर बघणार. दोन्ही कान दिसणार. दोन्ही! हातात दीड महिना होता.

पॉलिशच्या निमित्ताने जोडी सोनारकाकांकडे नेली. काकांनी उजव्या कानातला हिरा मोजला, भिंगातून बघितला आणि म्हणाले, "पाव कॅरेट. जरा पिवळसर झाक असलेला बघावा लागेल." मी म्हटलं, का? ग्राहकाने कमी प्रतीवर समाधान का मानायचं? "अरे, जोडी लावायचीय. पांढराशुभ्र आणलास तर शेजारचा म्हातारा दिसेल. दोन दिवसांत आणून देतो मी." मी विचारलं, प्रमाणपत्र? "मी आहे ना." हिरा कुठल्या खाणीतला? कुणाच्या घामाचा? तिथल्या कामगारांना... काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बाळा, लहानपणी तू असा नव्हतास."

आता तुम्हीच सांगा, 'मी आहे ना' ही हमी झाली? दोनशे चाळीस पानांत एकदा तरी कुठे आलंय 'मी आहे ना'? नाही! मग बसलो लॅपटॉप घेऊन, पाव कॅरेट, पिवळसर झाक, तेवढं मात्र काकांचं ऐकलं. लिलाव कंपनीचा पत्ता खरा का, तिथे फोन लागतो का, लागला तर माणूस उचलतो का. प्रमाणपत्राचा नंबर त्यांनी पाठवलेल्या लिंकवर नाही तपासायचा, प्रयोगशाळेच्या साइटवर स्वतः जाऊन तपासायचा. तोच नंबर हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेला असतो, केसाहून बारीक. पैसे कंपनीला नाही द्यायचे, मधल्या तिसऱ्या खात्यात ठेवायचे, मी 'माल पसंत' म्हटलं की मगच पुढे सरकणार. आणि कुठवर बोली लावायची तो आकडा आधी कागदावर लिहून फ्रिजला चिकटवायचा, म्हणजे भरात येऊन माणूस वाहवत नाही. बाबांनी तो कागद वाचला आणि विचारलं, "दुधवाल्याला एवढे का द्यायचेत?"

लिलाव दुपारी दोनला. आई ड्यूटीवर. मी, बाबा, आत्या, तिघं लॅपटॉपसमोर. तुम्हाला सांगतो, समोर एक होता बावीस नंबर. नाव नाही, चेहरा नाही, नुसता बावीस! मी बोली लावली की हा वर. मी लावली की हा वर. शेवटच्या मिनिटाला बोली आली तर घड्याळ दोन मिनिटं वाढतं, हा त्यांचा नियम, चांगला नियम आहे, माझ्या प्रबंधात पान एकशे बारा... पण ते घड्याळ अडीच वाजेपर्यंत वाढत राहिलं हो! बाबा म्हणतात, "त्या बावीसला फोन कर. म्हणावं, आमचं काम नडलंय, तुम्ही दुसरा घ्या." आत्या म्हणते, "दोन घेतले तर कमी करतील का विचार." आणि मी? मी फ्रिजकडे बघतोय! कागदावरच्या आकड्याला एकच पायरी उरली, मी ती चढलो, डोळे मिटले... आणि बावीस थांबला. थांबला! आत्या उठून टाळ्या वाजवायला लागली आणि मग म्हणाली, "का थांबला असेल? त्याला काहीतरी कळलं असणार."

म्हणजे आनंद म्हणून करू द्यायचा नाही! पण मी म्हटलं, आत्या, सुरक्षित म्हणजे सुरक्षित!

पार्सल यायला महिना लागला. समारंभ शुक्रवारी, पार्सल आलं त्याच आठवड्यात, सोमवारी. पेटीत पेटी, पेटीत पेटी, मी सगळं न थांबता व्हिडिओत घेतोय, कारण अखंड व्हिडिओ हाच पुरावा, आणि मागून बाबा, "कांद्यासारखं किती सोलशील?" शेवटी निघाली बोटाएवढी चपटी पिशवी. पुढून जाड पारदर्शक प्लॅस्टिक, मागे पांढरा कागद, चारही बाजूंनी सील. आत माझा हिरा! आणि कागदावर बारीक अक्षरात एक ओळ. 'सील तुटल्यास हमी संपेल.'

पळालो सोनारकाकांकडे. काका, भिंग लावा, कडेवरचा नंबर जुळतो का बघा. काकांनी पिशवी उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. "प्लॅस्टिकमधून काय बघू? कप्पाळ? दाराबाहेर उभं राहून डॉक्टरने पेशंट तपासायचा का? उघड." उघडलं तर हमी जाते काका. "मग नको उघडू." मग बसवणार कसा? "मग उघड." तुम्हाला सांगतो, हे असं आम्ही पाऊण तास! 

मग मी लावला कंपनीला फोन. बाईचा आवाज असा गोड, की तक्रार करायची लाज वाटावी. "सर, आपली खरेदी पूर्णपणे सुरक्षित आहे." छान! हिरा खरा नसेल तर परत घ्याल? "सात दिवसांत, नक्की सर." खरा आहे की नाही हे मी तपासू शकतो? "अवश्य सर." सील फोडून? "सील फोडल्यास हमी संपेल सर." मग हमी आहे तरी कशाची? "सील न फोडल्याची, सर." तीच म्हणाली, "किंवा आमच्या प्रयोगशाळेत पाठवा सर, फक्त एकवीस दिवस." एकवीस दिवस! आणि समारंभ चार दिवसांवर! "आणखी काही मदत करू का सर?"

म्हणजे माझी अवस्था बघा. हिरा जोपर्यंत पिशवीत आहे तोपर्यंत माझ्याइतका सुरक्षित ग्राहक पृथ्वीवर नाही. फक्त तो हिरा जगात कुणाच्याच कानात जाऊ शकत नाही! बाबा म्हणाले, "ठेवून दे कपाटात, वस्तू चांगली आहे." आत्या म्हणाली, "पिशवीसकट लावू दे की कानाला, लांबून कोण बघतंय?" आणि मी... खोटं कशाला बोलू, बुधवारी दोनदा कात्री हातात घेतली, दोनदा खाली ठेवली. हात होईना हो! जो माणूस सोसायटीच्या बैठकीत उभा राहून गर्जला, की ग्राहकाने आपली हमी स्वतःच्या हाताने कधीही मोडू नये, तो स्वतःच्या हाताने कशी मोडेल? आणि हिरा नकली निघाला तर? मी नोकरीचे पहिले सहा पगार त्यात घातलेले! आणि आई? ती पुन्हा डावीकडे, कायमची, जिन्यात! मी आतल्या आत हेलकावे खातोय, आणि तोंडाने मात्र चालूच, सुरक्षित म्हणजे सुरक्षित.

बरं, तोवर पिशवी ठेवायची कुठे? आईला दिसता कामा नये. मी अक्कल लढवली. आमच्या घरात प्रथमोपचाराची पेटी आहे, आईने लावलेली, शिस्तीत. पण ती कुणीच उघडत नाही, कारण नर्सच्या घरात आजारी पडायची कुणाची हिंमतच नाही! दिली पिशवी तिच्यात सारून, टाक्यांचं आणि पट्ट्यांचं सामान होतं त्याच खणात. याहून सुरक्षित जागा सांगा मला!

गुरुवारी सकाळी आत्याने भाजी चिरताना बोट कापलं.

ओरडा असा, की वाटावं हातच गेला. आई आली, एका हाताने आत्याचं बोट दाबून धरलं, दुसऱ्या हाताने पेटी उघडली, आणि... तुम्हाला सांगतो, तिने पेटीत बघितलंसुद्धा नाही! नजर जखमेवर, हात खणात. चौतीस वर्षांची सवय. हाताला पिशवी लागली, पट्टीच्या सीलबंद पाकिटासारखीच, कोपरा दातात धरला, मी "आई, नको—" म्हणेपर्यंत चर्रर्र! एका झटक्यात! आत्याच्या बोटावर पट्टीऐवजी हिरा पडला! रक्तात लाल झालेला, आणि तरी चमकतोय!

आत्या रडायची थांबली. आईने हिरा चिमटीत उचलला, कापसाने पुसला, खिडकीकडे धरला. मग आरशात बघत डाव्या कानापाशी नेला. मग माझ्याकडे वळली. "केव्हापासून ठेवलायस हा?"

सोमवारपासून, मी म्हटलं. आणि सगळं भडाभडा सांगितलं, बावीस नंबर, तिसरं खातं, गोड बाई, सील. शेवटी म्हटलं, आई, तू हमी फोडलीस गं! तर ती आत्याला पट्टी बांधता बांधता काय म्हणाली माहितीये? "अरे, चौतीस वर्षं सीलं फोडतेय मी. सीलमध्ये राहून एकसुद्धा पेशंट बरा झालेला नाही."

दोनशे चाळीस पानं, अहो! आणि हे वाक्य एकाही पानावर नाही!

आईने आरशासमोर कानातली काढून माझ्या हातात ठेवली, "उद्या सकाळपर्यंत हवीत," आणि मी ती आणि हिरा घेऊन धावत सोनारकाकांकडे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. काकांनी मान तिरकी केली, हिरा फिरवला, परत फिरवला, उगाच घसा खाकरला... माणसाचा जीव जातो इकडे! "वाच तुझा नंबर," म्हणाले. मी प्रमाणपत्रावरून एकेक आकडा वाचतोय, ते एकेका आकड्याला "हं" म्हणतायत. शेवटचा आकडा. काका भिंग पुसतायत. "हं." खरा! खरा निघाला! मी काकांना मिठीच मारली. ते म्हणाले, "भिंग पडेल रे." आणि उजव्या कानातल्याच्या शेजारी ठेवून दाखवला. एकोणीस वर्षं ताटातूट झालेले सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे, तीच पिवळसर झाक! शुक्रवारी सकाळी जोडी तयार. ती काढलेली काच मागितली, तर काका म्हणाले, "राहू दे माझ्याकडे. तात्पुरती."

आणि मग समारंभ. हॉल गच्च, पडद्यासमोर खुर्ची, खुर्चीत आई. केस मागे बांधलेले, तुम्हाला सांगतो, दोन्ही कान मोकळे, आणि मान सरळ! एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! फोटोवाला म्हणाला, "बाई, समोर," आणि आई समोर बघत होती. खरोखर, समोर! पण मी दाराशी उभा, आईच्या डाव्या बाजूला. सवय आहे हो, ऐन वेळी वळली तर? इतकं सगळं करून शेवटच्या क्षणी हलगर्जीपणा करायचा? मी ठरवलं होतं! खात्री करून घेतली पाहिजे! फोटोवाल्याने बोट वर केलं, एक, दोन, आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो, "आई, समोर बघ!"

आणि आईने माझ्याकडे बघितलं.

खटकन.

लागला फोटो जिन्यात. मान डावीकडे, उजवा कान पुढे. मात्र हसतेय अशी, की त्या भिंतीवर दुसरं कुणीच तसं हसत नाही. मी म्हटलं, पुन्हा काढू या, मी अर्ज करतो! तर आई म्हणाली, "राहू दे रे. आता निदान कळतं तरी, हाक कोण मारत होतं." आणि नवा हिरा? तो त्या फोटोत आहे, नक्की आहे, पलीकडच्या कानात, वरून काच, चारही बाजूंनी लाकडी चौकट, मागून खिळे ठोकून बंद... कुणालाही दिसत नाही, कुणाच्याही हाताला लागत नाही. आता काय बोलणार? सुरक्षित म्हणजे सुरक्षित!