पडद्यावरचं आकाश

(नाट्यगृहामागची पडदे रंगवायची जागा. दुपार. खोलीभर जमिनीवर पसरलेला कोरा पडदा.)

धाकटा — गोळ्या बंद केल्यास म्हणजे? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं?

ताई — आधी चपला काढ. पडद्यावर पाय पडेल.

धाकटा — ताई!

ताई — नाही सांगितलं. माझं मीच ठरवलं. गेल्या आठवड्यात.

धाकटा — आणि मला आज कळतंय. तेही डबा द्यायला आलो म्हणून.

ताई — ओरडू नकोस, पलीकडे तालीम चाललीय. हा पडदा बघ. नाटक तोंडावर आलं आणि आकाशाचा पत्ता नाही. निळा कालवते, ब्रश उचलते, आणि हात तिथंच राहतो. त्या गोळ्यांनी डोक्यात कापूस ठासून भरल्यासारखं वाटतं रे, अजूनही.

धाकटा — मागच्या वर्षी बरं आलं होतं आकाश.

ताई — तेच तर म्हणतेय! तेव्हा गोळ्या नव्हत्या. झोप नाही, भूक नाही, नुसतं वरून ओतल्यासारखं. ढग मला हाका मारायचे. पडदा उघडला तेव्हा लोकांनी आकाशालाच टाळ्या दिल्या. नट अजून आलेही नव्हते.

धाकटा — होतो मी तिथं. लोकांनी आकाश पाहिलं. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या कठड्यावर तुझे अनवाणी पाय मी पाहिले.

ताई — खऱ्या आभाळाचा वरचा एक कोपरा चुकला होता. मला तो पुसायचा होता.

धाकटा — माहीत आहे. हसत होतीस. मला म्हणालीस, शिडी धर. मी पाय धरले. अजून कुणाचा फ्रीज उचलताना दंडांना तीच पकड आठवते.

ताई — हे कधी बोलला नाहीस.

धाकटा — काय बोलणार? माझ्या धंद्यातलं सांगू? थर्मोस्टॅट काढून टाकला की फ्रीज झक्कास थंड करतो. गिऱ्हाईक खूश. मग एक दिवस मोटर जळते.

ताई — मी फ्रीज नाहीये, शहाण्या.

धाकटा — नाहीस. फ्रीजची मोटर नवी मिळते.

ताई — पण ढग परत आलेच नाहीत, तर मी कोण? वेळेवर गोळी घेऊन वेळेवर झोपणारी एक बाई?

धाकटा — मला चालेल.

ताई — मला नाही चालणार.

धाकटा — मग बाईंना हेच सांग. कापसाचं सांग. गोळी बदलायची की कमी करायची, त्या बघतील. आपल्या मनानं नाही. फोन लावू?

ताई — थांब. काल पुन्हा हाक ऐकू आली.

धाकटा — ढगाची?

ताई — हं. इतकी गोड होती, की भीतीच वाटली. लाव फोन.

धाकटा — हॅलो, बाई? तिचा भाऊ बोलतोय. हो, स्वतःच बंद केल्या. हो, ऐकू येतं म्हणते. नाही, एकटी सोडत नाही. आणतो. ...ताई, संध्याकाळी बोलावलंय.

ताई — तोवर काय करू?

धाकटा — कालवलेला रंग आहे ना? दे इकडे, मी मारतो.

ताई — तू? तुला भिंतीला चुना लावता येत नाही.

धाकटा — म्हणूनच. बिघडलं तर माझ्यावर बिल फाड.

ताई — अरे, अरे! पाणी किती घेतलंस! हे आकाश आहे की ओली चादर?

धाकटा — पुसू का?

ताई — नको. हलू नकोस. पसरू दे तसंच... ते फडकं दे. नुसतं टिपायचं, असं. घासायचं नाही. बघ.

धाकटा — धुकं झालं की गं!

ताई — पहाटेचं. गाव अजून उठायचंय, तेव्हाचं.

धाकटा — हाक येतेय?

ताई — नाही. सगळं गप्प आहे. मीच टिपतेय, एकेक ठिपका. मागच्यासारखं नाही होणार हे. याच्याकडे कुणी बघणारही नाही.

धाकटा — नटांकडे बघू देत की. त्यांनाही पोट आहे.

ताई — मेल्या, हसवू नकोस, हात हलतो... डोळे जड झाले रे. किती दिवसांनी. इथंच कडेला जरा आडवी होते. निघायच्या वेळी उठव.

धाकटा — उठवतो.

ताई — पंखा नको लावू. भरभर वाळलं की डाग पडतात.

धाकटा — बरं. ...ताई? झोपलीस? ...झोप. धुक्याला वारा लागू देत नाही मी.