वेंडेलचे बूट काढायचे नाहीत

नाही, नाही, तिकडे नको—खुर्ची इकडे वळव, तोंड माझ्या हिरवळीकडे, शेजारणीकडे नाही. हां, अशी. आता ब्रेक लाव. दोन्ही चाकांचे. मागच्या बाईने एकच लावला होता आणि साहेब उतारावरून निघाले होते फिरायला—शेजारी! म्हणून तर ती मागची बाई झाली. बस तू. कॉरीन ना गं तुझं नाव? एजन्सीवाले सारख्या नव्या मुली पाठवतात, माझ्या तोंडात नावं बसेपर्यंत त्या गेलेल्या असतात. चहा घे, बर्फ घातलाय. वेंडेलला देऊ नकोस, तो सांडतो. मुद्दाम सांडतो—अगं, माझा नवरा आहे, मला माहीत नाही? बोलता येत नाही म्हणून काय झालं, ऐकू सगळं येतं त्याला. बघ, बघ, कान कसा लाल झाला. ऐकतोय. ऐकू दे.

तर पहिला नियम औषधांचा नाही, औषधं काय, कोणीही देईल—पहिला नियम बुटांचा. त्याचे बूट काढायचे नाहीत. सकाळी मी घालते, दुहेरी गाठ मारते, आणि रात्री झोपवताना मीच काढते. मधे त्याने कितीही पाय आपटला, तोंड वाकडं केलं, डोळ्यांत पाणी आणलं—ते पाणी त्याला कशानेही येतं, टीव्हीवर कुत्र्याच्या खाण्याची जाहिरात लागली तरी येतं—तरी काढायचे नाहीत. उजवी बाजू गेली त्याची, पण डावा पाय अजून लबाड आहे. डाव्या पायाने उजवा बूट ढकलत बसतो, तासन् तास. का म्हणून विचारत नाहीस, पण चेहऱ्यावर दिसतंय तुझ्या. त्याला तिकडे जायचं असतं. त्या शेजारच्या आर्डिथच्या क्लोव्हरवर. अनवाणी.

बघितलंस ना येताना, पलीकडचं अंगण? गवताची एक काडी नाही. नुसतं क्लोव्हर, ती तीन-तीन पानांची बुटकी झाडं आणि वर पांढरे गोंडे, आणि त्यांच्यावर मधमाश्या घोंगावतायत. ह्याला म्हणे हिरवळ म्हणायचं. कापायला नको, पाणी घालायला नको, खत नको, ऑगस्टमध्ये सगळ्या रस्त्याचं गवत करपून पिवळं पडतं तेव्हा हिचं आपलं हिरवंगार—आणि बाई खुर्ची टाकून सावलीत कलिंगड खात बसलेल्या. आळशी बाईचं अंगण आहे ते. तिचा नवरा वारला आणि कापणारं कोणी उरलं नाही, तेव्हा मी तिला म्हटलं होतं, वेंडेल कापून देईल हो, त्याला काय काम आहे आता. मीच म्हटलं! तर ही म्हणाली, नको व्हर्ना, मी क्लोव्हर पेरलंय, त्याला जगायला माणूस लागत नाही. माझ्या तोंडावर म्हणाली. आता ह्याला टोमणा नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आणि आमच्याकडे कशी रीत आहे, ठाऊक आहे ना—तू अपार्टमेंटमध्ये राहत असशील, तुला नसेल ठाऊक. दोन घरांच्या मधे कुंपण नसतं, नुसती हद्द असते, आणि ती सगळ्यांना पाठ असते. गवत कापायचं मशीन चालवणाऱ्याने हद्दीपलीकडे एक पट्टा जास्तीचा कापायचा, शेजाऱ्याचा, माणुसकी म्हणून. पुढच्या शनिवारी तो तुमचा एक पट्टा कापतो. हेच शेजारपण. वेंडेलने पण इतकी वर्षं तेच केलं. आणि मग एका शनिवारी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते, तर हा हद्दीच्या अलीकडेच वळला. एक पट्टा अलीकडे! आमचाच पट्टा कापायचा सोडला. का? तर तिचं क्लोव्हर आमच्या बाजूला आलं होतं आणि त्याला फुलं होती. फुलांवरून मशीन फिरवायला ह्याचा हात होईना. मी खिडकीवर टकटक केली, बोट दाखवलं—तो पट्टा! त्याने माझ्याकडे बघितलं आणि मशीन बंद केलं. तेव्हाच मला कळलं. बायको म्हणून कळतं ते. ते काही फुलांसाठी नव्हतं.

नाही, तसलं काही नाही गं, तू पण ना! तसलं असतं तर मी हसले असते. ह्याच्याकडे बघ आणि तिच्याकडे बघ. तसलं नाही. पायांचं होतं. चाळीसेक वर्षं टपाल वाटलं ह्याने, रस्त्यारस्त्याने चालत, बर्फात, उन्हात. पाय बघितलेस तर जेवण जाणार नाही तुला. नखं काळी, बोटं एकावर एक चढलेली. निवृत्त झाला आणि म्हणाला, व्हर्ना, आता मी गवतात अनवाणी बसणार. म्हटलं, बस की—पण माझ्या गवतात नाही, मी तणाचं औषध मारते. माझी हिरवळ ह्या वसाहतीत पहिली येते. औषध मारलं की मी त्या पिवळ्या झेंड्या खोचते—आज सकाळीच खोचल्यात, बघ—झेंड्या असेपर्यंत पाय ठेवायचा नाही. झेंड्या काढायच्या कधी? मी सांगेन तेव्हा. तर हा काय म्हणतो, झेंड्या तर कधी निघतच नाहीत. आणि उठून गेला शेजारी. तिच्या क्लोव्हरमध्ये बूट-मोजे काढून बसला, डोळे मिटून. जसं काही—जसं काही घरीच आलाय. आणि ती आर्डिथ दारात उभी राहून त्याला विचारतेय, वेंडेल, गार लागतंय का रे पायांना? रोज. रोज संध्याकाळी. माझ्या डोळ्यांसमोर!

मग मी वसाहतीच्या समितीच्या सभेत गेले. सरळ उभी राहिले आणि सांगितलं, त्या क्लोव्हरवर मधमाश्या येतात आणि माझ्या नवऱ्याला मधमाशी चावली तर त्याचा श्वास बंद पडतो. चुकचुकले की सगळे! कोणीतरी मला पाणी आणून दिलं. खरं सांगू? टपालाच्या फेऱ्यांत ह्याला मधमाश्या कितीदा चावल्या असतील, थुंकी लावून पुढे जायचा. आणि हा माझ्या शेजारीच बसला होता, मांडीवर टोपी घेऊन. एक शब्द बोलला नाही. तेव्हा येत होतं ना बोलायला! तेव्हा बोलायचं होतं! हो की नाही रे वेंडेल? बघ कसा मान वळवतोय. तिला पुढचं अंगण खणून गवत लावायला लावलं समितीने. मागच्या अंगणाला नियम लागत नाही म्हणे. म्हणून मागचं राहिलं.

राहिलं म्हणजे, नंतर तेही गेलंच त्या उन्हाळ्यात. मेलं. रोग पडला असेल. पानं अशी पिळवटून आली, देठ वेडेवाकडे झाले, आणि मग सगळं काळं. मधेमधे गवताच्या दोन-चार काड्या होत्या, त्या मात्र मस्त उभ्या—गवताला ते काही करत नाही, रुंद पानालाच धरतं. रोग, रोग धरतो. तिने कोणाला दोष दिला नाही. वर आम्हाला ओव्हनमध्ये भाजलेल्या टूना-नूडल्सचं भांडं आणून दिलं, ह्याला दवाखान्यातून आणला तेव्हा, भांड्याखाली चिकटपट्टीवर नाव लिहून. मी नूडल्स कचऱ्यात टाकल्या, ह्याच्यासमोरच टाकल्या, भांडं घासलं आणि तिच्या पायरीवर ठेवून आले. रीत म्हणजे रीत. आता पुन्हा पेरलंय तिने. ह्या वर्षी तर अर्ध्या रस्त्याने पेरलंय, पाणी वाचतं म्हणे. आणि समिती टाळ्या वाजवतेय!

काय? हो, त्याच उन्हाळ्यात. अर्धांगाचा झटका तिथेच आला त्याला, तिच्या अंगणात. तेच सांगतेय ना तुला, तिकडे गेला म्हणून झालं हे. मी इथेच होते, ह्याच हद्दीवर, गुडघे टेकून हिरवळीची कड कापत होते. कड सरळ हवी, नाहीतर सगळा घाट फुकट. हा तिथे बसला होता, मग आडवा झाला. तो नेहमीच आडवा व्हायचा, लहान पोरासारखा. मला काय कळणार? एकच हात वर होता आणि तो हलवत होता. असा. असा हळूहळू. मी म्हटलं, चिडवतोय. आज कधी नव्हे ते बायकोला हात करतोय, तिथून. म्हणून मी पण हात हलवला. हो, मग काय! मी पण हलवला, हसले, आणि पुढची कड घेतली. कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्याला वेळ लागतो, तिथे दगड आहेत. मग ती आर्डिथ दुकानातून आली आणि तिने किंचाळून सगळी गल्ली गोळा केली. डॉक्टर म्हणाला, थोडं आधी आणलं असतं तर बोलता आलं असतं. असं ते म्हणतातच. सगळ्यांना म्हणतात.

ॲम्ब्युलन्समध्ये एकाच माणसाला घेतात. आर्डिथच चढली, तिनेच त्याचा हात धरला होता, सोडायलाच तयार नाही. मी म्हटलं, जा तू, मी कपडे बदलून येते मागून. वारा अगदी पडलेला होता. पान हलत नव्हतं. असा दिवस फवारायला मिळत नाही गं उन्हाळ्यात, नाहीतर सगळं भलतीकडेच उडतं. पंप भरलेलाच होता माझा, आणि तिच्याकडे कोणी नव्हतं, आणि तो जिथे आडवा पडला होता तिथे क्लोव्हर अजून दबलेलं होतं, माणसाच्या आकाराचं—

झेंड्या नाही लावल्या मी तिथे.

अशी काय बघतेस? मी माझ्या गवताबद्दल बोलतेय. चहा संपव. ग्लास खाली का ठेवलास? कॉरीन, मी नियमांचं सांगत होते—दुसरा नियम, दुपारी साडेबाराला सूप, गाळून—कॉरीन? खाली काय बसतेस? काही सांडलं का? राहू दे. ती गाठ सोडू नकोस म्हणते ना, गाठ मी मारलीय! उठ. पहिलाच नियम सांगितला मी तुला, पहिलाच! वेंडेल, पाय आत घे. पाय आत घे म्हटलं ना! दुसरा पण? अगं मोजे—मोजे कशाला काढतेस त्याचे, शी, नको, झाक ते पाय. मी एजन्सीला फोन करते. आत्ता करते. तू गेलीस म्हणून समज, तुला ह्या गावात कोणी कुत्रं फिरवायला ठेवणार नाही. चालती हो. चालती हो, पण एकटी हो—ब्रेक लाव! ब्रेक लाव म्हणते! त्याला कुठे नेतेस? तिकडून नाही, गवतावरून नाही, झेंड्या दिसत नाहीत का तुला, ओलं आहे अजून, चाकांचे वळ उठतील, कडेवरून नको—कड मोडली! अगं, कड मोडली माझी! मी सपाता घालून ह्या ओल्यात कशी येऊ? आर्डिथ, तू दार उघडू नकोस, तुला कोणी बोलावलेलं नाही! घेऊ नकोस त्याला! त्याला मधमाश्या चावतात, सगळ्यांना माहीत आहे, सभेत लिहून घेतलंय!

वेंडेल. वेंडेल, हसतोस काय? हात खाली घे. त्यांना वाटेल मलाच—हात खाली घे म्हणते ना. काय हलवतोस सारखा? मी नाही हलवणार. ऐकलंस? काही झालं तरी मी या वेळी—