खेकड्याचं भोक, नानांचा पाइप

आमच्या गावाने खेकड्यांना घातल्या तेवढ्या शिव्या कुठल्या पुढाऱ्यालाही घातल्या नसतील. पेणजवळच्या गडब गावावरून आत गेलं की आमचं गाव. दिवाळीला काठोकाठ भरलेलं तळं शिमग्याआधीच तळ दाखवायचं आणि बाया धुणं घेऊन नदी गाठायच्या. तळं समितीचे अध्यक्ष नाना. दर बैठकीत त्यांचं एकच, "बांध खेकड्यांनी पोखरलाय!" मग गाव रविवारी खेकडे पकडायचं आणि रस्सा ओरपायचं. पाणी गळायचं ते गळायचंच.

शेवटी माझा मित्र दिन्या वैतागला. त्याचा पेणला गणपतींचा कारखाना. तो बादलीभर गुलाबी रंग घेऊन आला आणि बांधालगत तळ्यात ओतला.

"आता गुलाबी पाणी जिथे निघेल, तिथे गळती," तो म्हणाला.

सगळे बांधाखाली डोळे लावून बसलो. इतक्यात नानांची बायको धावत आली. "अवो, आपल्या पडवळाच्या आळ्यात गुलाबी पाणी आलंय!"

"गप गो!" नाना खेकसले. पण गाव तोवर त्यांच्या मळ्यात पोचलं होतं. बांधातून थेट पाइप आलेला, त्याला वर कॉक.

मी विचारलं, "नाना, खेकडा कॉकपण बसवतो काय?"

नाना जरासुद्धा ओशाळले नाहीत. "भोक खेकड्याचंच हाय. मी पाइप घालून आधार दिला, नायतर बांध कधीच फुटला असता!"

गावाने माना डोलावल्या. अध्यक्ष अजून नानाच आहेत, आणि गेल्या रविवारी आम्ही पुन्हा खेकडेच पकडले.