अमेरिकेहून आलेली बाटली

एकोणीसशे साठ सालची गोष्ट. बंगळूरच्या बसवनगुडीतल्या औषधांच्या दुकानात विमला खोकल्याचं औषध घ्यायला रांगेत उभी होती. पुढच्या म्हाताऱ्या बाईंनी पिशवीतून एक परदेशी बाटली काढून दुकानदारापुढं ठेवली.

"गुंडोअण्णा, ही कशाची हो? आमचा मुलगा शेषगिरी सुट्टी संपवून अमेरिकेला परत गेला आणि ही इथंच विसरला."

"बघू, वसुमतीअक्का... झोपेच्या गोळ्या आहेत."

"झोपेच्या? अहो, इथं तर तो जेवता जेवता पेंगायचा! सकाळी हाका मारमारून उठवायची मी."

"मग तिकडं घेत असेल. अर्धी बाटली संपलीय."

"डॉक्टरनं दिल्या असतील का? काही दुखणं लपवलं का त्यानं माझ्यापासून?"

"छे! आपल्याकडं असल्या गोळ्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते. तिकडं म्हणे दुकानात मांडूनच ठेवतात. ज्यानं त्यानं उचलायच्या आणि घरी न्यायच्या."

"आणि दुकानदार विचारत नाही, काय होतंय म्हणून?"

"नाही, अक्का."

"तो राहतो तिथली घरमालकीण तरी?"

"तिला कसं कळणार?"

"म्हणजे त्याला तिकडं झोप लागत नाही, हे कुणालाच ठाऊक नाही. मलासुद्धा आत्ता कळतंय."

गुंडोअण्णांनी बाटली कागदात गुंडाळून परत दिली. वसुमतीबाई ती हातात धरून तिथंच उभ्या राहिल्या.

"तुम्हाला काय हवं?" गुंडोअण्णांनी विमलाला विचारलं.

विमलाला पुढं सरकवेना.

"मला घाई नाही," ती म्हणाली. "आधी त्यांचं होऊ द्या."