शेपटीवर बसणारं विमान

ग्रंथपाल बाई गाल धरून दातांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. पुढचा नंबर त्यांचाच होता. शेजारी एक दाजी आणि त्यांचा मेहुणा, आणि मेहुण्याच्या मांडीवर हाताने जोडलेलं प्लास्टिकचं प्रवासी विमान.

"दाजी, नाकात वजन घालायचं काम तुमच्याकडे होतं."

"माझ्याकडे पंख होते. नाक तुझं."

"जाऊ द्या. खिडक्या काय झाल्यात बघा!"

"खिडक्या झकास आहेत रे, पण टेबलावर ठेवलं की शेपटीवर बसतंय. संध्याकाळी स्पर्धेत परीक्षकांनी विचारलं तर?"

"सगळे प्रवासी मागे गप्पा मारायला गेलेत म्हणू."

"तुला थट्टा सुचतेय! आता उघडलं तर रंगाची वाट लागेल. सगळं वर्ष पाण्यात."

"म्हणून तर इथे आणलं. पुढच्या चाकाच्या खाचेत बारीक भोक पाडायचं, आत छर्रे भरायचे, वरून सिमेंट. डॉक्टर दिवसभर दुसरं काय करतात?"

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर दात दुखतोय म्हणून तुम्ही खुर्चीत बसायचं. मग हळूच विषय काढू."

"अरे, माझी कवळी आहे."

आतून हाक आली, "पुढचे कोण?"

बाई उठल्या, विमानाकडे पाहिलं आणि परत बसल्या.

"आधी त्याला घ्या. त्याला संध्याकाळी जायचंय."

विमान घेऊन दोघं आत गेले आणि दार लागलं. ड्रिल घुंईऽ करून थांबलं. बाईंनी श्वास रोखून धरला.

"बसलं! दाजी, तिन्ही चाकांवर बसलं!"

बाईंनी गाल सोडून टाळ्या वाजवल्या.

मागोमाग डॉक्टरांचा गंभीर आवाज आला, "अर्धा तास त्याला काही खायला देऊ नका."